पाकोळ्यांसाठी पक्कं घर

सिमेंटच्या एकशे चाळीस गोणी
लाकडी होडीतून आल्या, चार खेपांत.
पाचवी खेप वळणावर कलंडली.
तिथं तळाशी अजून असतील
गोणीच्या आकाराचे दगड,
आणि त्यांच्यात माझे पैसे.
मासरानी म्हणाला, असू दे,
नदीचा हिस्सा आपण धरलाच नव्हता.

मी सेमारांगचा.
एकतीस वर्षं शिलाईयंत्रांचे सुटे भाग विकले.
बायको इथली; शेवटच्या आजारात
तिला तिची नदी हवी झाली,
कोऱ्या चहाच्या रंगाची ही नदी,
म्हणून दुकान मोडलं.
ती गेली. दुकानाचे पैसे राहिले. मी राहिलो.

मग हे बांधलं, मासरानीच्या भागीत:
तीन मजली, बिनखिडक्यांचं,
गावात सगळ्यांत उंच,
आणि आत राहायला माणूस नाही.
माणसं खाली, ओंडक्यांवर तरंगणाऱ्या घरांत.
पूर आला की आम्ही चार हात वर जातो,
ओसरला की निमूट खाली येतो,
चुलीवरचा भात सांडत नाही.
पक्कं घर पाकोळ्यांसाठी.
त्या आपल्या लाळेची घरटी करतात,
ती शहरात ग्रॅमवर विकली जातात,
परदेशात श्रीमंत लोक त्यांचं सूप पितात.
हे मी धाकट्या भावाला फोनवर सांगितलं.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, थुंकी?
म्हटलं, थुंकी.

छपरावर भोंगा लावला,
पहाटे पाच ते रात्री नऊ
मुद्रित किलबिलाट.
खोटी वस्ती ऐकवून खरी वसवायची.
मला त्यात नवल नव्हतं,
दुकानात मी रिकामी खोकी मांडून
फळ्या भरलेल्या दाखवायचो,
गिऱ्हाईक आत यायचं.

पहिल्या वर्षी आली वटवाघळं,
एक घुबड, आणि सरपंचाचा शोधत फिरलेला बोकड.
भिशीच्या बायका होडीतून ओरडायच्या,
आले का हो पाहुणे?
त्यातल्याच नोर्सेहानला भिशी लागली तेव्हा
तिनं पैसे आणून माझ्यासमोर ठेवले,
भोंग्याची बॅटरी बदला म्हणाली,
आवाज चिरकतो, माझी कोंबडी बसत नाही अंड्यांवर.
कागद केला नाही, परत मागितले नाहीत.
व्याज म्हणून दर शुक्रवारी
तिचं जुनं शिलाईयंत्र दुरुस्त करतो.
दोन वर्षं झाली.
ते पुरतं दुरुस्त होऊ नये
एवढी काळजी घेतो.

यंदा नदी आटली. वरच्या अंगाला
जमिनीतलं कुजकट पेटलं,
धुरानं समोरचा काठ पुसून टाकला.
डिझेलचा पडाव गाळात रुतला
आणि भोंगा बंद पडला, अकरा दिवस.
गावात कुणाला झोप लागेना.
ज्यांनी त्या आवाजाला शिव्या घातल्या
ते रात्री दारात बसून खोकत विचारायचे,
कधी सुरू होणार?

बाराव्या दिवशी मासरानी बॅटरी घेऊन आत गेला.
लवकर परतला नाही.
मी खाली उभा, धुरात,
मनात सगळा हिशेब: सिमेंट, तारा, बुडालेली खेप,
बायकोच्या बांगड्या, ज्या विकणार नाही म्हटलं होतं.
तो बाहेर आला तो तळहात पुढे करून.
तळहातावर काळपट, ओलसर, चिमूटभर विष्ठा.
हुंगून बघ म्हणाला,
वटवाघळाची असली नसते.

आता तिसऱ्या मजल्यावर, एका तुळईच्या बगलेत,
बोटभर पांढरी कड धरलीय.
पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही,
मासरानीनं शिडीच घरी नेली.
मीही भांडलो नाही फारसा.

भाऊ विचारतो, काही मिळालं का?
सात, मी सांगतो.
सात लाख?
सात पाकोळ्या.
धूर होता, नीट मोजता आल्या नाहीत,
त्यात एखादं वटवाघूळही असेल.